पाचवा पलंग

"मावशी, ऐकतेयस ना? जग पुसावं लागणार आहे."

मावशीच्या एका हातात मेणाचा जबडा होता आणि दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेली दाढ. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये अडकवलेला. ती म्हणाली, "थांब रे, दाढ वाकडी बसेल." दाढ बसवून, तिच्यावर फुंकर मारून मगच तिने फोन हातात घेतला.

"हं, बोल. काय पुसायचंय?"

"जग गं. आपलं. गेममधलं."

मावशी कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे कसला, दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, चार टेबलं आणि सतत घरघरणारं एक पॉलिशचं मशीन. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवायचे आणि मावशी मेणात एकेक दात बसवून कवळी उभी करायची. इतकी वर्षं तिने लोकांना दात दिले, पण त्यातलं एकही माणूस तिने हसताना पाहिलं नव्हतं. साचा यायचा, कवळी जायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार करायला आमच्या धाकटीला येतच नाही, असं तिची ताई कौतुकाने सांगायची, आणि या कौतुकाचा सगळ्यात जास्त फायदा ताईनेच घेतला होता.

फोनवर होता तो ताईचा मुलगा. नाव छोटू, उंची सहा फूट, आणि आता कपाळही बरंच वर सरकलेलं. ताई आणि भाऊजी दोघंही नोकरीवाले, त्यामुळे छोटूला आणि त्याच्या बहिणीला, चिमीला, लहानाचं मोठं केलं ते मावशीने. त्यासाठी ती ताईकडे राहायला गेली ती पोरांचे हात पिवळे होईपर्यंत राहिली. मग एक दिवस आपली बॅग उचलून एका खोलीच्या भाड्याच्या घरात आली. लग्नाचं राहूनच गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही, पण कुणी आठवणही करून दिली नाही.

छोटू नोकरीसाठी दूर देशी निघाला तेव्हा त्याने एक भानगड करून ठेवली. कुठल्याशा भाड्याच्या कॉम्प्युटरवर त्याने एक जग मांडलं. सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. त्यात झाडं तोडायची, दगड फोडायचे, घरं बांधायची, मेंढ्या पाळायच्या. आपापल्या घरी बसून पाचहीजणांनी दर रविवारी त्यात भेटायचं, असं ठरलं. पहिली दोन वर्षं भेटलेही. मग चिमीला बाळ झालं, भाऊजींचे डोळे दुखायला लागले, ताईला मालिका सापडली, आणि छोटूला तर कामातून मान वर करायला फुरसत नाही. राहिली मावशी. ती रोज संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन, जुना लॅपटॉप उघडून, मेंढ्यांना चारा घालून यायची.

"का रे पुसायचं?" मावशीने विचारलं.

"नवीन आवृत्ती आलीय गं. आणि जुनं जग फुगलंय नुसतं. आपण जिथे जिथे जातो तिथली जमीन तयार होऊन साठून राहते. बाबा समुद्रापलीकडे चालत सुटले होते, आठवतंय? ते सगळं अजून पोटात घेऊन बसलाय बिचारा सर्व्हर. आणि तसंही तिथे येतं कोण आता?"

"मी येते."

"तू सोडून म्हणतोय मी," छोटू म्हणाला. मग जीभ चावल्यासारखा घाईने बोलला, "बरं, असं करू. सगळं नको पुसायला. एक प्रोग्रॅम आहे. गेल्या वर्षभरात जिथे कुणी जाऊन तासभर थांबलंय, तेवढा भाग तो ठेवतो. बाकीचा पुसतो आणि पुन्हा उगवतो. जग ज्यातून उगवतं ते बी तेच राहणार, म्हणजे डोंगर, नदी, झाडं, सगळं होतं तिथेच येणार. आपण पहिल्या दिवशी पाहिलं तसंच्या तसं. माणसाने केलेलं तेवढं जाणार."

"म्हणजे घरं जाणार."

"ज्यांचं कुणी फिरकलं नाही त्यांची."

"आणि मालकाच्या ऐवजी दुसरंच कुणी जाऊन बसलं तर?"

"प्रोग्रॅमला काय कळतंय मालक कोण ते! कुणीतरी पाहिजे. का गं?"

"सहज विचारलं."

"शनिवारी चालवतो. आणि रविवारी सकाळी सगळ्यांना आणतो बघ, एकूण एक. पूर्वीसारखं. शब्द देतो तुला."

फोन ठेवल्यावर मावशीने पुढची दाढ उचलली आणि ती चक्क उलटी बसवली. सगळे येणार म्हणजे काय खायची गोष्ट आहे? इतक्या दिवसांनी माणसं यायची आणि दारात बघतात तर गवत! आपलं घर दिसलं नाही की दोन मिनिटं हळहळतील आणि उठून जातील, ती काही परत यायची नाहीत. पण घर दिसलं, आत आपला पलंग दिसला, तर बसतील. बसली की पुन्हा येतीलही. मावशीचा हिशेब साधा होता आणि त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

ताईच्या घराची काळजी नव्हती. ते मेंढ्यांच्या कुंपणाला लागून होतं आणि ताईने यायचं सोडल्यापासून मावशी तिथेच राहायची. तिची स्वतःची झोपडी वर टेकडीवर होती. पण ताईचं घर बंद ठेवलेलं बरं दिसत नाही, म्हणून ती खाली उतरली ती उतरलीच. राहिली तीन घरं, भाऊजींचं, छोटूचं आणि चिमीचं, आणि तिन्ही तीन दिशांना.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून वेळेवर उठली, तशी पॉलिशवाली बाई मशीन थांबवून बघायला लागली. "आज लवकर निघालात?"

"घरं बघायचीत."

"अगं बाई! घेताय की काय?"

"घेते कशाला. आमच्याच माणसांची आहेत, बंद पडलीत. जाऊन बसायचं जरा."

"आणि किल्ल्या?"

"दारं उघडीच असतात."

"बसून करता तरी काय?"

मावशीने पिशवी उचलली. "बसते," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

आधी ती भाऊजींकडे गेली. भाऊजी आयुष्यभर हिशेबनीस, पण या जगात आल्या आल्या त्यांनी कुदळ उचलली आणि खाली खणत सुटले. घर म्हणजे जमिनीच्या पोटातली खोली. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी पाटी लावली होती, 'वाकून या. नाही वाकलात तर स्वतःचं स्वतः बघा.' मावशी वाकून गेली आणि डोकं आपटलंच. खाली एक दिवा, एक पेटी, एक पलंग. लॅपटॉप समोर ठेवून ती भाजी निवडत बसली. बराच वेळ पडद्यावर काही हललं नाही. फक्त दिव्याची ज्योत तेवढी थरथरत होती. सरळ सांगायचं तर तिला रडू आलं. कुणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत, आपापल्या घरी सुखात आहेत, आणि आपण त्यांच्या रिकाम्या खोलीत राखण करत बसलोय. तिने डोळे पुसले, भाजी फोडणीला टाकली आणि परत येऊन उरलेला वेळ बसली.

छोटूकडे बसणं सोपं गेलं. त्याने एक बुरूज बांधायला घेतला होता आणि अर्ध्यात सोडला होता. लहानपणापासून त्याचं असंच, गृहपाठसुद्धा मावशीलाच पुरा करावा लागायचा. तिने त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि वरून पडू नये म्हणून कडेला कठडा करून दिला.

चिमीचं घर सगळं काचेचं होतं. दारावर लिहिलेलं, 'मावशी, बूट काढून ये.' तिथे बसल्या बसल्या पडद्यावरचा सूर्य खाली गेला. त्या जगात रात्री अंधारात भुतं फिरतात, म्हणून झोपून घ्यायचं. आणि गंमत अशी की जेवढी माणसं त्या वेळी तिथे असतील, ती सगळीच्या सगळी आडवी झाल्याशिवाय सकाळ होत नाही. एक जरी जागं राहिलं तरी रात्र तिथेच. पूर्वी ताईची आरोळी ठरलेली असायची, "झोपा रे सगळे!" चौघं पलंगावर, आणि भाऊजी खाली खणतायत. "आलो, एवढा एक दगड." मग सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "बाबा, खोळंबलोय ना!" त्या ओरडण्यातच निम्मा रविवार जायचा आणि तोच मावशीला सगळ्यात आवडायचा.

आता ती चिमीच्या पलंगावर आडवी झाली. लगेच सकाळ झाली. कुणासाठी थांबायचंच नव्हतं. ही सकाळ तिला कधी आवडली नाही.

रविवारी ती अंघोळ करून, केस विंचरून, चांगली साडी नेसून लॅपटॉपपुढे बसली. तिथे तिला कोण बघणार होतं, पण घरी माणसं येणार म्हटल्यावर गबाळं कसं बसायचं? फोनवर सगळ्यांचा एकत्र कॉल लागला आणि एकदम कालवा सुरू झाला.

"अरे, माझी खोली आहे की!" भाऊजी ओरडले. "पाटीसकट आहे! काय रे, पुसणार होतास ना?"

"माझं घर पण आहे," चिमी म्हणाली. "एक काच हललेली नाही. दादा, ग्रेट आहेस तू."

"मी कुठे काय केलं," छोटू म्हणाला. "प्रोग्रॅम आहे तो. मला वाटलं होतं बुरूज गेला. आणि हा कठडा मी कधी केला? आठवतच नाही यार."

"प्रोग्रॅम हुशार आहे हो तुझा," भाऊजी म्हणाले.

मावशी हसली. कुणीतरी विचारावं, हे सगळं राहिलं कसं, असं तिला आतून फार वाटलं. पण स्वतःहून सांगितलं तर ते उपकार झाले असते, आणि तिला उपकार करायचे नव्हते, तिला माणसं हवी होती. ती आली होती. चिमी भाऊजींच्या जिन्यात डोकं आपटून घेत होती, ताई मेंढ्या मोजता मोजता चुकत होती. इतकं बरं मावशीला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तिथलं ऊन तांबूस झालं.

"झोपा रे सगळे!" ताईने आरोळी ठोकली. अगदी पूर्वीच्याच आवाजात. मग म्हणाली, "अगं, तू माझ्या दारात काय उभी? इथे एकच पलंग आहे. तुझी ती झोपडी होती ना टेकडीवर? जा, पळ. अंधार पडतोय."

"हो की. निघालेच," मावशी म्हणाली.

ती टेकडी चढली. वर पोचली आणि थांबली. तिथे गवत होतं. गवताच्या मधोमध एक उंच, दोन शेंड्यांचं झाड होतं. मावशीने ते लगेच ओळखलं. पहिल्या दिवशी सगळे इकडेतिकडे हुंदडत होते, रात्र अंगावर आली होती, तेव्हा तिने हेच झाड तोडून त्याची झोपडी उभी केली होती आणि पाचहीजण एका ओळीत पाच पलंग टाकून तिच्यात झोपले होते. मग ज्याने त्याने आपलं घर बांधलं, आपापला पलंग उचलून नेला. पाचवा तिथेच राहिला, तो तिचा. आता झाड परत आलं होतं. बी तेच होतं ना.

तिला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. आठवडाभर ती बंद घरं हिंडत होती, आणि आपलंही एक घर वर्षभर बंद पडलंय हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"चौघं झोपलो," फोनमधून छोटू म्हणाला. "कोण राहिलंय?"

"आज मी नाही हं!" भाऊजी खुशीत येऊन ओरडले. "आज माझी मेहुणी! लावा तिला बोल!"

"मावशी, झोप ना गं!" चिमी म्हणाली. "सगळे खोळंबलोत. बाळ उठेल इतक्यात."

"झोपते, झोपते."

अंधार दाटला होता. पलंग करायचा तर लोकर हवी, लाकूड हवं, आणि खालच्या उतारावर भुतं फिरायला लागली होती. मला पलंग नाही, एवढं एक वाक्य बोललं की काम होतं. मावशीने ते तोंडात आणलंही. मग छोटू कळवळला असता, माफी मागत बसला असता. ताई म्हणाली असती, तुला कुणी सांगितलं होतं आमच्या घरी राहायला. आणि हातात होता तेवढा वेळ तिच्या झोपडीच्या शोकात गेला असता. तिकडे चिमीचं बाळ उठलं असतं.

"अगं, झोपलीस का?" ताईने विचारलं.

मावशीने बाण कोपऱ्यात नेला आणि 'बाहेर पडा' दाबलं. पडद्यावरचं झाड गेलं. तिने लॅपटॉप मिटला.

जागं राहिलेलं एक माणूस कमी झालं. फोनमधून लगेच गलका उठला. "झाली! झाली सकाळ!" चिमी टाळ्या वाजवत होती, भाऊजी हसत होते.

"झोपली वाटतं मावशी," छोटू म्हणाला.

"हो रे," मावशी म्हणाली. "झोपले."

"चला, आधी माझा बुरूज बघायला या सगळे. मावशी, ये गं तूपण."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

खोलीत भर सकाळचं ऊन आलं होतं. मिटलेल्या लॅपटॉपवर एक हात ठेवून, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून ती त्यांची पळापळ ऐकत बसली. कुणीतरी कठड्यावर चढलं होतं, आणि ताई ओरडत होती, अरे हळू, पडशील.