वीरगळाचे तिकीट

वाचकहो, मंद्रूपच्या पुढे असलेल्या आमच्या गावी पुरातन शिवालयास पुरातत्त्व खात्याचे तारेचे कुंपण पडले व प्रवेशास शुल्क लागू झाले. तदनंतर भीमाशंकर नामक पहारेकऱ्याच्या हातून सद्हेतूने जे अनिष्ट घडले, त्याचा वृत्तांत येथे सादर करीत आहे. तो शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

भीमाशंकर गावचाच. गेटवर तिकिटे फाडण्याची नोकरी लागली तेव्हा त्याने घरोघरी पेढे वाटले होते. परंतु देवळाच्या आवारातच त्याच्या घराण्याचा वीरगळ उभा होता. गुरे वाचवताना पडलेल्या कोण्या पूर्वजाचा तो कोरीव दगड. दर अमावस्येस थोरल्या सुनेने त्यावर पाणी घालावे व भाकरीचा नैवेद्य ठेवावा, ही पूर्वापार रीत. तो मान त्याची चुलती सोजरबाई हिचा. नवरा गेला, लेक पुण्यास राहिला. त्या एका मानावर म्हातारी ताठ उभी होती.

पहिल्याच अमावस्येस तिने गेटावर निक्षून सांगितले की, तिकीट परक्याने काढावे, आपण काढणार नाही. तिच्यामागून देवदर्शनास आलेल्या गावच्या बायाही थबकल्या. भीमाशंकरला पेच पडला. अडवावे तर रीत मोडते, सोडावे तर नोकरी जाते. अखेर गावच्या बायांना माफी आहे, असे त्याने खोटेच सांगितले व सर्वांची तिकिटे गुपचूप स्वतःच्या खिशातून काढली. पुढे दर अमावस्येस हाच क्रम चालला.

इकडे सरपंचांनी गावकऱ्यांस खरोखरच माफी मिळावी म्हणून अर्ज केला होता. त्याची शहानिशा करण्यास सोलापूरहून खात्याचे साहेब आले, ते नेमके अमावस्येस. ते मुकाट्याने चिंचेखाली उभे राहिले. बाया ओळीने आत जात होत्या आणि प्रत्येकीमागे भीमाशंकर एकेक तिकीट फाडीत होता. लोक कुरकुर न करता पैसे भरतात, मग माफी कशाला, असे म्हणून साहेबांनी त्याची पाठ थोपटली. भीमाशंकरने पुढचे तिकीट फाडले.

गावकरी तिकीट काढतातच, असे कारण देऊन अर्ज नामंजूर झाला. गाव खवळले. तिकीट कोणी काढले, याची पारावर चर्चा झाली आणि सर्वांत पुढे असणारी म्हणून बोट सोजरबाईकडे वळले. तिने भंडारा उचलून शपथ घेतली, तरी लोक हसले.

पुढल्या अमावस्येस ती एकटीच आली. मागे एकही बाई नव्हती. भीमाशंकरला ते पाहवेना.

"काकी, तिकीट मीच काढत हुतो. तुजं बी, समद्यांचं बी."

म्हातारीने हातातले नैवेद्याचे फडके खाली ठेवले.

"म्हंजी माज्याच घरच्या दगडापाशी मी इतकं दिस पावनी म्हून जात हुते व्हय?"

"तुजा अपमान हुऊ नये म्हून केलं की गं."

"अन् आता काय झालंय? लाव फोन तुज्या सायबाला. माज्यासमोर सांग."

त्याने फोन लावला व सर्व हकिगत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतले. अर्जाचे नंतर बघू म्हणाले. उद्या मात्र गेटच्या किल्ल्या घेऊन सोलापूरला या, म्हणाले.

सोजरबाईने ते ऐकले. भीमाशंकरने फाटक उघडून धरले, पण ती आत गेली नाही, घरीही परतली नाही. नैवेद्याचे फडके मांडीवर घेऊन ती त्याच्या खुर्चीशेजारी भुईवर बसून राहिली.

आपण सर्वांनी वेळ काढून हे वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक ऋणी असलेला आपला नम्र,
श्रीशैल बाळासो माळगे