पल्याडचा दोर

त्या दिवसांत उमाजीच्या हातून जाळ्याची गाठ धड बसत नव्हती. ओसरीत पाय पसरून, अंगठ्यात दोरी अडकवून तो महाजाळ सांधायला बसे. चार फासे विणून झाले की उठे, अंगणाच्या कडेला जाई, तळ्याकडे पाही आणि परत येई.

"तळं का पळून चाललं का?" इंदिराबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "बसा न एका जागी. मले पाहून पाहून चक्कर येऊन राह्यली."

"जीव थाऱ्यावर नाई व."

"जीव नाई, हात. उद्या सभेत वर करायचा का नाई, ते त्या हाताले समजून नाई राह्यलं."

तिनं बरोबर दुखरी जागा दाबली होती. नवऱ्याशी इतकी वर्षं संसार केल्यावर बाईला तेवढं दिसतंच.

तळं एक, काठ दोन. अल्याड टोली, ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, मूठभर घरं. पल्याड करंजबोडी, धानाच्या बांध्यांचं मोठं गाव. ग्रामपंचायत एकच आणि ती पल्याडची. नळ आला तो आधी पल्याड, रस्ता झाला तो पल्याडच्या चौकापर्यंत. टोलीच्या वाट्याला नेहमी 'पुढच्या वर्षी'. तेही टोलीनं गिळलं. पण मागच्या पावसाळ्याच्या शेवटी गावानं धानासाठी तळ्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, टोलीला न विचारता उघडलं. सकाळी टोली जागी झाली तेव्हा नुकतीच तळ्यात सोडलेली बोटुकली, माशांची बोटभर पिल्लं, काठाच्या चिखलात चांदीच्या चुऱ्यासारखी पसरली होती. बायका ती पदरात भरून खोल पाण्याकडे धावत होत्या, आणि पाण्यात टाकलेली बोटुकली पोट वर करून तरंगत होती.

तेव्हापासून उमाजीच्या मुलानं, धनराजनं, एकच धोशा लावला होता. वेगळं व्हायचं. आपली ग्रामपंचायत, आपला ठराव, तुडुमाच्या दारावर आपलाही हात.

उमाजीला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. त्याची अडचण होती पल्याडचा लटारू.

चैत्रात पाणी उतरलं की तळ्यात महाजाळ पडतं. जाळ्याला दोन दोर. अल्याडचा टोली ओढते, पल्याडचा गाव, आणि मासोळी दोन्हीकडे वाटली जाते. दोर एकदम ओढायचे नसतात. एकाआड एक, माणूस पावलं टाकतो तसे. त्यासाठी गाणं. उमाजी अल्याडून सवाल टाकायचा, सवाल संपता संपता टोली दोर खेचायची. लटारू पल्याडून जबाब द्यायचा, जबाबावर गाव खेचायचं.

"तळ्याच्या पान्याले कोनाची गा पार?"

"गावानं बांधली, गावाचा आधार!"

दोघांना मिसरूड फुटलं तेव्हापासून हे चाललं होतं. मधलं पाणी एवढं मोठं, पण लटारूचा जबाब कधी उशिरा आला नाही. उमाजीला वाटे, हा आपला श्वास आहे. अर्धा आपण घेतो, अर्धा तो सोडतो.

आणि सभेच्या आदल्या त्याच दुपारी लटारू आला. खांद्यावर दुपट्टा, चपला हातात, तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, चालत.

"काय गा उमाजी, वेगळे होता म्हनते?"

उत्तर आतून आलं. धनराज दारात उभा होता. "होतो न, लटारूकाका. काऊन, तुमाले का त्रास?"

"अरे, पूरी टोली एका बैलबंडीत बसते. तुमाले ग्रामपंचायत पेलन का?"

"नागपूरच्या मोर्चाले तुमी दोघं बी गेल्ते न? वेगळा विदर्भ पायजे म्हनून? बाबा आजून सांगते, वापस येतानी घसा बसला होता तुमचा."

"गेल्तो. आताबी जाईन. मुंबईत बसून त्याहिले आपली तहान का समजते?"

"मंग करंजबोडीत बसून टोलीची समजते का?"

"ते वेगळं," तो म्हणाला.

इंदिराबाई पदराआड हसली. लटारूला हसू आलं नाही. "तिकडं सरकार आहे पोरा. इथी आपन एका पान्यावर वाढलो. घरातल्या घरात कोनी धुरा घालते का?"

धुरा म्हणजे शेताचा बांध. उमाजीनं हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"तुडुम उघडलं त्या सकाळी तू पारीवर होता न लटारू?"

"होतो."

"तुया आवाज इथलोक येते. त्या दिवशी एक आवाज नाई देला मले."

लटारू दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "गावाचं ठरलं होतं गा. मी एकटा का करू?"

"तेच तं. गावाचं ठरलं होतं."

जयानं, सुनेनं, चहा आणून ठेवला होता. त्यावर साय धरली. लटारू उठला, आणि चपला घालायच्या विसरून तशाच हातात घेऊन गेला.

सभा मोहाच्या झाडाखाली भरली. सोमाजी म्हातारा पहिल्यांदा उठला. "पोरी पल्याडच्या शाळेत जाते. दवाखान्याची गाडी पल्याडलोकच येते. उद्या त्याहिनं वाकडं धरलं तं? मंग का करता?"

भीती खरी होती, ती सगळ्यांनी आपापल्या घरी मोजून पाहिली होती. मग जया म्हणाली, "सोमाजीभाऊ, वाकडं धरन म्हनून आजलोक सरळ बसलो. बोटुकली वाचली का?"

हात वर जाऊ लागले. उमाजीचा मांडीवर होता. जड, जाळ्याच्या शिशासारखा. हा वर गेला की पल्याडचा दोर सुटणार, त्याला वाटलं. आणि मांडीवरच राहिला, तर त्या सकाळी पदर भरून धावणाऱ्या इंदिराबाईकडे पुन्हा बघायचं कसं? त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा हात केव्हाच वर होता.

उमाजीनं हात वर केला.

ठराव गडचिरोलीला, जिल्ह्याच्या कचेरीत, गेला. तिकडून काही येण्याआधीच चैत्र आला, पाणी उतरलं. ठरावानंतर गावचं कुणी दोर ओढायला आलं नाही.

"आपलं आपन वढू," धनराज म्हणाला. अर्धी माणसं त्यानं पल्याडच्या काठावर पाठवली. जाळं पडलं. उमाजीनं सवाल टाकला, टोलीनं दोर खेचला. आणि पल्याड गप्प. तिथं उभी होती तीही टोलीचीच माणसं; त्यांना सवाल येत होता, जबाब कुणालाच येत नव्हता. जबाब सुरू झाला की ती आजवर दम घ्यायची, पुढच्या ओढीसाठी. ऐकलं कुणी होतं?

"हइशा म्हना!" धनराज ओरडला. हइशावर दोन्ही काठ एकदम ओढू लागले. जाळं पोटात फुगलं, खालची शिशाची दोरी चिखलातून उचलली गेली. टोलीतल्या विक्की नावाच्या पोरानं मोबाईलला स्पीकर जोडून वरातीतलं गाणं लावलं. त्या तालावर नाचता आलं असतं, ओढता आलं नाही. पोरं हसली, घसरली, पुन्हा उठली. जाळं काठाला लागलं तेव्हा आत पानकांदे, पाणवनस्पतींचे कंद, होते आणि एक फाटकी चप्पल. मासोळी खालून निघून गेली होती.

पल्याडच्या पारीवर गावची माणसं बघत होती. एकजण हसून मोठ्यानं म्हणाला, "घ्या, झाले वेगळे!"

धनराजनं मुठी आवळल्या. उमाजीला वाटलं होतं त्यापेक्षा ते हसणं खोल लागलं. पण हात वर केल्याचा पस्तावा त्याला शोधूनही सापडला नाही. सापडली ती वेगळीच गोष्ट. आजवर लटारूला कुणी बोलावलंच नव्हतं. गाव यायचं, कारण तळं गावाचं.

दुसऱ्या सकाळी उमाजी पार ओलांडून करंजबोडीत गेला. लटारू बैलाला पाणी दाखवत होता.

"हात वर केला म्हनते तू."

"केला."

"मंग आता कायले आला?"

"बोलवाले. उद्या जाळं टाकतो. पल्याडच्या दोरावर ये म्हनून."

"मी का पावना आहो का, बोलवाले?"

"हो. पावनाच. आजलोक मालकावानी येत होता."

लटारूचा चेहरा लाल झाला. त्यानं बादली आपटली, बैल बिचकला. "चाळीस वर्स तुया सवालाले जबाब देला गा मी. अन् आता मले पावना म्हनते?"

"पावन्याले मान रायते लटारू," उमाजी म्हणाला. "अन् पावना घरात आला का इचारून दार उघडते, तुडुमाचंबी."

लटारूनं बादली उचलून पुन्हा बैलापुढे धरली. उमाजी परत फिरला. पारीवरून येताना त्यानं तीनदा मागं वळून पाहिलं.

सकाळी जाळं पडलं. पल्याड टोलीचीच माणसं दोर धरून होती. उमाजीचं लक्ष रस्त्याकडं. ऊन वर आलं. धनराज म्हणाला, "बाबा, नाई येत तो." तेवढ्यात पारीवर दुपट्टा दिसला. मागं गावातले चौघे-पाचजण. लटारू कुणाशी न बोलता पाण्यात उतरला आणि त्यानं दोर हाती घेतला.

उमाजीनं घसा साफ केला.

"तळ्याच्या पान्याले कोनाची गा पार?"

टोलीनं खेचलं. मग पाणी. नुसतं पाणी. एक खंड्या सूर मारून गेला. आणि मग, उशिरानं, छातीतून काढून फेकल्यासारखा जबाब आला,

"गावानं बांधली, *गावाचा* आधार!"

'गावाचा' त्यानं असा ठासून म्हटला की टोलीतल्या प्रत्येकाला लागावा. पण पल्याडचा दोर बरोबर तेव्हाच हलला. जाळं तळाला घासत सरकलं.

धनराजनं दोर सोडला. "ऐकलं का? आजून गावाचाच आधार!"

"धर तो," उमाजी म्हणाला. "भांडन काठावर येऊन करू."

धनराजनं दोर धरला, दात खाऊन. जाळ्याच्या मध्यावर पाणी खवळू लागलं होतं, एक रोहू वर उडून पडला. आता नेहमीचा दुसरा सवाल यायचा. पोरं पाय रोवून वाट पाहत होती. उमाजीला तो सवाल जिभेवर आणवेना. त्यानं कधी न म्हटलेलं, कुणी न शिकवलेलं म्हटलं,

"पावना आला पारी, बसाले देऊ काय?"

टोलीनं खेचलं.

पल्याडून काही आलं नाही. अशा सवालाला जबाब करंजबोडीत कुणाला पाठ नव्हता, तो ज्याचा त्यालाच जुळवावा लागणार होता. लटारू कमरेएवढ्या पाण्यात मान खाली घालून उभा होता. उमाजी थांबला, कान पल्याड लावून. त्याच्या तळहातात दोर ओला होता आणि ताणलेला होता. दुसऱ्या टोकानं तो सैल सोडला नव्हता.