माझ्या पोटात तीन नवे फ्रिज

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, यातल्या एकाही शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुना फ्रिज आहे, एका दाराचा, उंचीने तुमच्या खांद्याला लागेन एवढाच. आणि माझ्या पोटात एकदा तीन नवे कोरे फ्रिज मावले होते. पोटात तरी कशाला, दाराच्या आतल्या अंड्यांच्या कप्प्यात.

हसा. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली पेस्ट्री तर केव्हाची गालातल्या गालात हसते आहे. या पोरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. तिला सगळी इमारत पेस्ट्री का म्हणते ते मला विचारू नका, ती लांबची गोष्ट आहे.

आज मी तळमजल्यावरच्या या खेळायच्या खोलीत उभा आहे. माझ्यात बुद्धिबळाचे पट, फाटकी पुस्तकं आणि हवा गेलेला एक चेंडू राहतो. पण मीही कधीकाळी तरुण होतो. कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा समोरच्या रंगाऱ्याच्या मिशीवर बर्फ धरला. बिचारा आठवडाभर हसला नाही. हसला असता तर मिशी मोडली असती.

मला घरी आणलं ते घड्याळवाल्याने, म्हणजे पेस्ट्रीच्या बाबांनी, नवीन लग्न झालं तेव्हा. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं इवलंसं दुकान. बायको केकवाली, बाजारातल्या मोठ्या दुकानात ती केकवर क्रीमची फुलं काढायची. घरी आली की तिथल्या काचेच्या थंड कपाटांचं कौतुक सांगायची. लाइट गेली तरी तिथे जनरेटर लागतो म्हणे. लागू दे. नुसती काच ती, तिला पोट थोडंच असतं?

सुरुवातीची वर्षं माझा थाट काय सांगू! शेजारीपाजारी माझ्याकडचं पाणी पिऊन तृप्त होऊन जायचे. मग माझं रबर सैल झालं, दाराला इलॅस्टिकचा पट्टा आला आणि माझ्याच डोक्यावर, झाकणाच्या कापडाखाली, एक पाकीट येऊन बसलं. नव्या फ्रिजचे पैसे! दर महिन्याला ते फुगायचं आणि माझा जीव सुकायचा.

इकडे त्या दोघांना मूल हवं होतं. मित्रांनो, बाईच्या पोटात दर महिन्याला एक बीज पिकून सुटावं लागतं. केकवालीचं सुटतच नव्हतं. आधी गोळ्या झाल्या, त्या स्वस्त होत्या. सहा महिने घेतल्या, गुण आला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं सांगितली, रोज एक, दहाबारा दिवस. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला दीड वर्ष होतं, आणि केकवाली छत्तिशी ओलांडून बसलेली. म्हणून ती दोघं खाजगी दवाखान्यात गेली.

तिथे भिंतीवर पाटी होती. मला पैसे फ्रिजांतच मोजता येतात, तेव्हा असं समजा की पाटीवर एक फ्रिज लिहिला होता. पाकिटातही एकच होता. दोघं हरखली. मग काउंटरवरच्या बाईने शांतपणे सांगितलं की ती डॉक्टरांची फी झाली. इंजेक्शनं, दर दोन दिवसांची सोनोग्राफी आणि बीज सोडायचं शेवटचं इंजेक्शन हे सगळं वेगळं. एकूण बेरीज साडेचार फ्रिज. त्यातले तीन नुसत्या इंजेक्शनांचे.

"मग पाटीवरच्या पैशात येतं काय?" घड्याळवाल्याने विचारलं.

"तुम्ही बसलात ना, ती खुर्ची," बाई म्हणाली. पण बाई वाईट नव्हती. तिने एका कागदावर एकेक आकडा सुटा लिहून दिला आणि म्हणाली की आधी हे घरी वाचा, मग हो म्हणा.

तो कागद माझ्या डोक्यावरच्या पाकिटात गेला. घड्याळवाल्याची स्कूटर विकली गेली. केकवालीने लग्नसराईचे तीन-तीन मजल्यांचे केक एकटीने अंगावर घेतले; तिचं मनगट सुजलं. शेवटी माझ्या डोक्यावरचं पाकीटही उतरलं.

"आणि नाही झालं तर?" तिने विचारलं होतं. "दुसऱ्यांदा आपल्याकडे विकायला काही नाही."

"तर जुना फ्रिज आहेच की," तो म्हणाला.

बघितलंत? मला हटवायला जमवलेला पैसा शेवटी माझ्याच पोटात आला! अंडी हाकलली गेली आणि त्या कप्प्यात इंजेक्शनांच्या डब्यांची रांग लागली. औषधवाल्याने बजावलं होतं की ही गोठताही कामा नयेत आणि तापताही कामा नयेत. एक बिघडलं तरी सगळा महिना फुकट. केकवाली दुकानातला थर्मामीटर घेऊन आली आणि दर अर्ध्या तासाला दार उघडून बघायची मी गार आहे का. अगं बाई, दार लाव, म्हणजे राहीन!

घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा घड्याळवाल्याची थोरली बहीण आली आणि पाण्यासाठी तिने थेट मला उघडलं. डब्या बघून तिचा चेहरा पडला.

"वहिनी, साखर कुणाला झालीय?"

"मला," घड्याळवाला म्हणाला. एका दमात, डोळ्याची पापणी न लववता.

केकवालीचा नवरा, आणि पुढे वर्षभर त्याला केकचा तुकडा मिळाला नाही. बहीण दर रविवारी बिनसाखरेची बिस्किटं घेऊन यायची आणि तो ती खाईपर्यंत समोरून हलायची नाही.

आता खरी गोष्ट ऐका. पाचव्या दिवशी सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर फुटला. लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत. बाहेर ऊन असं की डांबरात चपला रुतत होत्या. केकवाली माझ्यासमोर उभी, दाराला हात लावायचीही हिंमत नाही. आत उरलेले दोन फ्रिज, म्हणजे त्याची स्कूटर, तिचं मनगट, सगळंच.

मी काय केलं? मी श्वास रोखला. दार असं आवळलं की पहिलवान आले असते तरी उघडलं नसतं. जन्मापासूनची सगळी थंडी आठवली, त्या रंगाऱ्याची मिशीसुद्धा. नऊ तास! थर्मामीटरचा काटा पाचावर होता तो पाचावरच. थोडा घाम फुटला, नाही म्हणत नाही. कष्टाच्या माणसाला घाम यायचाच. संध्याकाळी सात वाजता तिने इंजेक्शन घेतलं, ते मी दिलेलं. पुढची सगळीही मीच सांभाळली. सोनोग्राफीत दोन बीजं टपोरी पिकलेली दिसली, आणि महिन्याभराने घड्याळवाल्याने दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे गजर एकदम लावले.

तर मित्रांनो, सांगायचं एवढंच, की जुनं झालं म्हणून कुणाला टाकून देऊ नका. दार हळू लावत जा, रबर पुसत जा. आज तुमच्यासमोर ही जी पोर बसली आहे, ती केवळ माझ्या...

"खोटं," पेस्ट्री म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. उठून आली आणि माझ्या दाराला पाठ टेकून बसली. "लाइट गेल्यावर तासाभरात तू स्वयंपाकघरभर पाणी केलंस. आईने डब्या ओल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि धावत केकच्या दुकानात नेल्या. लाइट आली तेव्हा तुझी मोटर जळाली होती. उरलेली सगळी इंजेक्शनं शेवटपर्यंत तिथल्या पेस्ट्रीच्या काचेच्या कपाटात होती, मागच्या रांगेत. नाहीतर मला पेस्ट्री कशाला म्हणतील?"