तिघांपैकी एकाचं नाही

परीक्षा उद्या दुपारी एक वाजता, बिलिंग्जला. तिसरी खेप. या वेळीही आपटले तर महिनाअखेरीस हेलिकॉप्टरमधली माझी सीट जाणार आणि मी पुन्हा डनमोरच्या अँब्युलन्सवर. कंपनीनं नोकरीला घेतानाच सही करून घेतली होती: दोन वर्षांत फ्लाइट पॅरामेडिकची परीक्षा पास व्हा, नाहीतर खाली उतरा. माझी दोन वर्षं एकतीस मार्चला भरत होती.

अँब्युलन्सला मी नावं ठेवत नाही. एकवीस वर्षं काढली तिच्यात. पण डनमोरपासून बिलिंग्जचं मोठं हॉस्पिटल रस्त्यानं सव्वादोन तास, आणि त्या रस्त्यावर चार माणसं माझ्या हातांत गेली. चौघांचीही नावं मला पाठ आहेत. हेलिकॉप्टरला तेच अंतर पस्तीस मिनिटांचं. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरत असताना मी हा उद्योग मांडला. मला त्या रस्त्यावर परत जायचं नव्हतं, बस्स.

त्या दिवशी आमची चोवीस तासांची ड्युटी होती. दुपारचे अडीच वाजले होते. हेलिकॉप्टरच्या तळावरच्या स्वयंपाकघरात मी आणि मारित बसलो होतो. मारित म्हणजे आमची फ्लाइट नर्स, एकोणतीस वर्षांची, पहिल्या फटक्यात पास झालेली. तिनं घरून हॉटडिश आणलं होतं, म्हणजे खिमा-भाज्या घालून भाजलेलं, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे.

"उंचीवर गेल्यावर श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगा?" मारित पुस्तक उघडून विचारत होती.

"फुगतो. दाब मोजायचा, हवा काढायची."

"शाब्बास. हेलिकॉप्टर आपटलं, पायलट बेशुद्ध. आधी काय बंद करशील?"

"थ्रॉटल, मग इंधन, मग बॅटरी. अगं, हे सगळं येतं मला. येत नाही ते विचार ना."

मारितनं पान उलटलं. मागच्या दोन्ही वेळी मी एकाच भागात मार खाल्ला होता. सुरक्षितता. व्हेंटिलेटर, औषधं, हृदयाचे पंप यांत मला कुणी हात लावू शकत नव्हतं. पण माणसानं माणसाशी कसं वागावं याचे प्रश्न आले की माझं उत्तर एक आणि पुस्तकाचं भलतंच.

"पायलट हवामान बघतोय," मारितनं वाचलं. "पेशंट कोण आहे ते तुला कळलंय. तू काय करशील?"

"सांगेन. त्याच गाडीत बसायचंय ना त्याला? त्याला कळायला नको?"

"चूक."

"डोंबलाचं चूक."

"पेशंट कोण ते कळलं की पायलट हवामानाकडे बघत नाही, पेशंटकडे बघतो. म्हणून त्याला फक्त जागा सांगायची. म्हातारे, हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"म्हातारी तुझी सासू. लाइल सदतीस वर्षं उडतोय. त्याचं डोकं असं एका वाक्यानं फिरेल होय?"

लाइल आमचा पायलट. पलीकडच्या खोलीत पाय वर करून बसला होता. त्यानं तिथूनच आवाज दिला, "माझं डोकं माझ्या बायकोनं कधीच फिरवलंय. तू नापास होऊ नकोस म्हणजे झालं." आम्ही तिघंही हसलो.

तेवढ्यात रेडिओ वाजला. कंट्रोल रूमची मुलगी नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, डनमोर, शाळेमागचं मैदान, हवामान बघून कळवा. एवढंच. लाइल उठून पडद्यासमोर जाऊन बसला.

डनमोर म्हणजे माझं गाव. नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. मेसेज डेबचा होता. डेब माझी जुनी जोडीदार, अजून अँब्युलन्सवर आहे. तिनं लिहिलं होतं: कॅरीची ॲनिका. घोड्यानं पोटात लाथ मारली. रक्तदाब सत्तर. लवकर या गं.

आमच्याकडे ही एक खोड आहे. कंट्रोल रूम तोंड शिवून बसते, आणि गावातली माणसं थेट एकमेकांना कळवून मोकळी होतात. सगळेच सगळ्यांचे ओळखीचे, मग करणार काय?

कॅरी माझी शेजारीण. मधे कुंपणसुद्धा नाही आमच्या. ॲनिका सहा वर्षांची. शाळेतून आली की आधी माझ्या ओसरीवर चिखलाचे बूट काढून जाते, कारण आईकडे ओरडा बसतो. सहा वर्षांच्या पोरीचा रक्तदाब सत्तर आणि पोटावर लाथ, म्हणजे आत रक्त वाहतंय. त्यासाठी मला कुठलं पुस्तक नको होतं.

मी लाइलच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर आकडे होते. ढगांचं छत नऊशे फूट. आमची मर्यादा आठशे. तापमान आणि दवबिंदू यांच्यात एकाच अंशाचा फरक, म्हणजे धुकं कधीही धरेल. तळ आणि डनमोर यांच्या मधे एक लांबलचक टेकडी, आणि तिच्यावरचा कॅमेरा सकाळपासून बंद.

लाइलनं गाल खाजवला. "मला हे आवडत नाहीये," तो म्हणाला. "टेकडीवर काय आहे तेच दिसत नाही. नको वाटतंय."

"लाइल," मी म्हणाले, "सहा वर्षांची आहे."

तोंडातून निघून गेलं. मी ठरवून बोलले असं नाही, आणि चुकून बोलले असंही नाही. त्यानं जावं असं मला वाटत होतं. खरं ते हेच.

मारितनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली. लाइल पडद्याकडेच बघत राहिला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "तसं बघितलं तर मर्यादेच्या वर शंभर फूट आहेत. नदीच्या कडेकडेनं काढू. अगदीच वाटलं तर मागे फिरू." आणि त्यानं हेल्मेट उचललं.

आम्ही बाहेर पडलो. हवा ओलसर आणि अजिबात न हलणारी. मारित औषधांची पिशवी घेऊन माझ्यापुढे चालत होती. मी मनात हिशेब करत होते: रक्त दोन पिशव्या, गरम करायचं यंत्र, लहान मापाची ट्यूब, वजन साधारण एकवीस किलो. हात सराईतपणे चालले होते. पण डोक्यात लाइलचा आवाज अडकून बसला होता. नको वाटतंय. तसं बघितलं तर. या दोन वाक्यांच्या मधे आकडा एकही हलला नव्हता. ढग तिथंच होते, टेकडीवरचा कॅमेरा बंदच होता. मधे फक्त मी बोलले होते.

दार लावायच्या आधी आमच्याकडे विचारायची पद्धत आहे. तिघांनी हो म्हटलं तरच उडायचं. एकानं नाही म्हटलं की संपलं. का ते विचारायचं नाही, वाद घालायचा नाही.

"मी हो," लाइल म्हणाला.

"हो," मारित म्हणाली. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. लाइल हो म्हणाला म्हणून ती म्हणाली, हे मला स्वच्छ दिसलं. तिला घरी दहा महिन्यांचं बाळ आहे.

"ट्वायला?"

लाइल मला विचारत होता. डोळ्यांसमोर ते चिखलाचे बूट. मी हो म्हटलं असतं तर कुणी मला बोल लावला नसता. उलट गावानं डोक्यावर घेतलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

लाइलनं मान वळवली. "काय?"

"नाही. मी नाही म्हणतेय."

"तूच तर आत्ता..."

"हो. मीच. म्हणूनच."

त्यानं हेल्मेट काढून सीटवर आपटलं आणि तरातरा आत निघून गेला. मारित पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तो हात काही उचलेना.

डेबला फोन मलाच करावा लागला. बाहेरच्या माणसाला सांगायचं ते एकच वाक्य आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं आहे: आम्हाला येता येत नाही. कोण नाही म्हणालं ते कधीच सांगायचं नाही. तळाबाहेर तो नकार तिघांचा.

"आम्हाला येता येत नाही, डेब. रस्त्यानं निघ. आत्ताच."

"ट्वायला, पोरगी पांढरी पडलीये. कॅरी इथं बोनेटवर डोकं आपटतेय."

"निघ गं. ऊब दे, दोन सुया लाव, आणि वाटेत कुठंही थांबू नकोस. बिलिंग्जला मी कळवते, ते रक्त घेऊन दारात उभे राहतील."

"त्या म्हाताऱ्या लाइलची फाटली असणार," डेब म्हणाली. मी ते तसंच जाऊ दिलं. तिनं फोन ठेवला.

नंतरचे सव्वादोन तास कसे गेले ते मी सांगू शकणार नाही. मी खिडकीशी उभी होते. मनातल्या मनात धुक्याला म्हणत होते, उतर बाई, टेकडीवर उतर, म्हणजे मी बरोबर ठरेन. धुकं काही उतरलं नाही. साडेचारच्या सुमाराला उलट ऊन पडलं, पण तोवर डेब बिलिंग्जच्या इतकी जवळ पोचली होती की आमचा उपयोग उरला नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

साडेपाचला कागद भरायची वेळ आली. उड्डाण नाकारलं की कारण लिहावं लागतं. लाइल माझ्याशेजारी येऊन बसला. राग उतरला होता त्याचा, एकदम थकल्यासारखा दिसत होता.

"हवामान लिही," तो म्हणाला. "एक शब्द. खोटंही नाही. उद्या परीक्षा आहे तुझी, कशाला धोंडा पाडून घेतेस पायावर?"

"आणि परत कुणीतरी तुला वय सांगेल तेव्हा?"

लाइलनं पेन माझ्याकडे सरकवलं. "मी खरंच निघालो होतो, नाही?" तो म्हणाला. "आकडे तेच होते आणि मी निघालो होतो."

मी सगळं लिहिलं. डेबचा मेसेज, मी बोलले ते वाक्य, मग माझं नाही. अर्धं पान भरलं.

रात्रभर डेबकडून काही नाही. कंट्रोल रूम एवढंच म्हणाली की पोरगी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जिवंत पोचली. सकाळी सातला ड्युटी संपली, आणि गाडी काढतच होते तर गॉर्डनचा फोन आला. गॉर्डन आमच्या तळाचा प्रमुख.

"कागद वाचला तुझा," तो म्हणाला. "आत्ता काही बोलत नाही. नापास झालीस तर मला बोलायची गरजच पडणार नाही. जा, परीक्षा दे."

परीक्षेच्या खोलीत फोन, घड्याळ, खिशातला रुमाल, सगळं कपाटात ठेवायला लावतात. मी अडीच तास त्या पडद्यासमोर बसले. व्हेंटिलेटर, विंचू चावलेलं बाळ, हृदयाचा पंप बंद पडला तर काय. पायलटला काय सांगायचं, तो प्रश्न आलाच नाही. सुरक्षिततेचे बाकीचे आले. एकेक पर्याय वाचताना उत्तर शोधावं लागत नव्हतं. शेवटचं बटण दाबून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर पास लिहिलं होतं. बाहेरच्या बाईनं छापलेला कागद हातात दिला आणि अभिनंदन म्हणाली. मी तिला काहीतरी उत्तर दिलं असेल.

गाडीत बसून आधी गॉर्डनला फोन लावला.

"झाले पास."

"छान," तो म्हणाला. "दोन ड्युट्या तुला घरी बसवतोय. आणि आजपासून हवामान बघताना सगळ्यांचे फोन ट्रेमध्ये. सीट तुझी आहे, ट्वायला. पण नीट ऐक. पेशंटचं वय तू एकदा नको तिथं बोललीस. आता कुठलाही नियम मोडलास, पायलटपाशी मोड नाहीतर गावात मोड, तर मी मधे पडणार नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आणि मला रडू फुटलं, आनंदानंच. दोन वर्षं मान मोडून केलेला अभ्यास होता तो. त्या रस्त्यावर आता मला कुणी पाठवणार नव्हतं.

डोळे पुसून मेसेज बघितले. एक कॅरीचा होता, दुपारी दोनचा.

ॲनिका शुद्धीवर आली. प्लीहा काढून टाकली, एक किडनीही गेली. डॉक्टर म्हणतात तासभर आधी आली असती तर किडनी वाचली असती कदाचित. ऊन पडलं होतं गं काल. त्या लाइलला सांग, मी त्याला जन्मात माफ करणार नाही. डनमोरमध्ये पाय ठेवून दाखवू दे म्हणावं. तू आत होतीस, तू नक्की भांडली असशील त्याच्याशी. तू ये. ॲनिका तुला विचारतेय.

हॉस्पिटल तिथून सहा चौक पुढं होतं. मी तो मेसेज तीनदा वाचला. शिकवलेलं वाक्य मला येत होतं: आम्हाला येता आलं नाही. तेवढं लिहिलं असतं तर माझी सीटही राहिली असती आणि शेजारीणही. त्याखाली लाइल चिरडला असता, एवढंच. सदतीस वर्षं उडतोय तो माणूस, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नसता हे मला माहीत होतं.

परीक्षेचा कागद शेजारच्या सीटवर ठेवून मी लिहायला घेतलं. दोनदा खोडावं लागलं.

कॅरी, लाइल निघाला होता. नाही मी म्हटलं.

पाठवलं. मग बराच वेळ तिथंच, इंजिन बंद ठेवून, तिच्या उत्तराची वाट बघत बसले.