हं म्हणणारं माणूस

१९७१ साली आमच्या संगमनेरच्या कलाविकास मंडळाला आदिवासी लेखक हवा होता. शेजारच्या तालुक्यानं महोत्सवात मुंबईचा जादूगार आणला होता, त्याच्यावर ताण करायची होती. मी मंडळाचा चिटणीस, शिवाय कॉलेजात मराठी शिकवणारा, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं.

सहादू पथवे अकोले तालुक्याच्या डोंगरातला ठाकर आदिवासी, प्राथमिक शाळेत मास्तर. त्याच्या तीन गोष्टी एका मासिकात आल्या होत्या. त्यातल्या एकीत एक ठाकर मध काढायला दोरावरून कड्याखाली उतरतो, मधोमध लोंबकळत वर हाक मारतो, आणि गोष्ट संपते. पुण्याच्या एका समीक्षकानं या शेवटाला आधुनिक म्हटलं होतं. मी वर्गात तेच सांगत असे.

सहादू आला तो पांढरा शर्ट आणि लेंगा घालून. अध्यक्ष आबासाहेबांनी घोडेगावच्या बाजारात बैल पाहावा तसं त्याला चहूबाजूंनी पाहिलं.

"पोशाख न्हाई आनला?"

"ह्योच हाय."

"आन वाजवायचं काही?"

"गोष्ट सांगायचीय, साहेब."

आबासाहेब माझ्या कानाशी लागले. "प्राध्यापक, हा तर आपल्यासारखाच दिसतो की हो!"

मांडवामागे चहा पिताना सहादूनं विचारलं, "सर, लोक किती येतील?"

"तीनशे तरी."

"मंग एक तरी निघंल हं म्हननारा." मग त्यानं समजावलं, "आमच्यात ऐकनारानं हं म्हनावं लागतं. त्याबिगर गोष्ट फुडं जात न्हाई. घरी माझी बायको, बनू, म्हनायची. ती जाऊन दोन वर्सं झाली. तवापासनं मोठ्यानं सांगितलीच न्हाई कुनाला. म्हनून आलोय."

लोकांना हे आधी सांगायला हवं होतं. पण मांडवात 'शांतता राखा'चे चार फलक मीच लावले होते, आणि ते पाळले जातायत याचा मला अभिमान होता. मी म्हणालो, "बघू."

चार वाजता सहादू उभा राहिला. हातात मासिक होतं, पण उघडलं नाही.

"एक हुता ठाकर."

तो थांबला. तीनशे सुसंस्कृत माणसं गप्प.

"त्याला कड्यावर मोहोळ दिसलं."

पुन्हा थांबला. या खेपेला पुढच्या रांगेतल्या वकिलांनी टाळी वाजवली, आणि मागच्यांनी त्यांचं अनुकरण केलं. त्यांना ती कविता वाटली असावी. सहादू एकेक चेहरा पाहत होता. माझ्या घशात हं आला होता. पण व्यासपीठावर बसलेल्या चिटणिसानं असा आवाज काढणं बरं दिसेना. मी पाणी प्यालो.

"त्यानं झाडाला दोर बांधला," सहादू म्हणाला, आणि इतका वेळ थांबला की आबासाहेब शाल घेऊन उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भावगीतांचा कार्यक्रम वेळेआधी सुरू झाला, त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. राजूरच्या गाडीला अवकाश होता.

"गोष्ट राहिलीच," मी म्हणालो. "आणि तुमचा तो शेवट तर..."

"शेवट कुठला, सर? बनूला ताप हुता. मी उशाशी बसून सांगत हुतो. त्यानं वर हाक मारली म्हनालो, आन तिचा हं आला न्हाई. मी थांबलो. छापायला दिली तीबी तिथवरच."

 पाच वर्ग शिकवून झाले होते त्या शेवटावर.

"मग पुढं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कड्यावर त्याची बायको बसली हुती."

"हं," मी म्हणालो. आवाज चोरटाच निघाला.

"दोर तिच्याच हातात हुता."

"हं."

"बरा हाय तुमचा हं," तो म्हणाला. "पन हुशार मानसाचा हाय. फुडचं आधीच म्हाईत असल्यावानी." मग म्हणाला, "बनू हं म्हनून खरंच इचारायची. प्रत्येक बारीला."

गाडी लागली. तो चढला, खिडकीशी बसला. इंजिन सुरू झालं तसं त्यानं डोकं बाहेर काढलं.

"आन तिनं वरनं ओ दिली!"

"हं?" मी ओरडलो. पुढं काय, हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्याचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही. गाडी फाटकाबाहेर वळली. बाकावरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या होत्या. मी पुन्हा एकदा म्हणालो, मोठ्यानं.