वाढत्या मापाची सायकल

मी धर्मपाल टेलरच्या गळ्यातला टेप बोलतोय. माझं शिक्षण साठपर्यंत. एकसष्ट मला येत नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही. कोणाचा घेर साठाच्या वर गेलाच तर मला दोनदा लावतात. लाजायचं तर त्यानं लाजावं, मी कशाला?

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कुठल्याशा कारखान्यात कापडाच्या पट्टीवर पिवळा रंग फासला, आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळ ठोकलं, झालो तयार. यवतमाळच्या दुकानातून मला एका म्हाताऱ्या टेलरनं घेतलं. धर्मपाल तेव्हा त्याच्याकडे काजं-बटणं करत होता. काम शिकून तो राळेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी निघाला, तेव्हा म्हाताऱ्यानं मला त्याच्या गळ्यात टाकलं आणि सांगितलं, "आधी अंग मोज, मंग कापड काप." धर्मपाल हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं?

तेव्हापासून मी या गावातली सगळी अंगं मोजली. माणूस कसा असतो ते मला विचारा. पुरुष मला बघितलं की पोट आत ओढतात. मग पँट घट्ट झाली म्हणून टेलरला शिव्या देतात. बाया म्हणतात, सैल ठेवा, सैल ठेवा, आणि नेताना म्हणतात, किती ढगळ केलं. खरं माप कोणालाच नको असतं.

त्यातही शाळा उघडायच्या दिवसांत माझं डोकं फार फिरतं. प्रत्येक आई पोराला हाताला धरून आणते आणि एकच सांगते, "मास्तर, वाढत्या मापाचं शिवा." म्हणजे पोरगं आहे त्याहून मोठं धरायचं. धर्मपालचा यात हातखंडा. पँटीच्या खाली तीन बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, दरवर्षी थोडं उसवायचं. त्याच्या हातचा गणवेश तीन वर्षं चालतो म्हणून गावात त्याचं नाव झालं. पहिलं वर्ष पोरगं त्या पँटीत पोत्यात घातल्यासारखं फिरतं, ते कोणाला दिसत नाही.

धर्मपालची एकुलती एक लेक उर्वशी. आई कौसल्या चांगली उंच, दाराच्या चौकटीला डोकं लागतं. लेक मात्र बापाच्या आईवर गेली, ठेंगणी. धर्मपाल दर उन्हाळ्यात तिला भिंतीला उभी करून मला लावायचा. मी छप्पन्न इंचांवर यायचो. पुढच्या उन्हाळ्यातही छप्पन्न. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं काय केलं, तर मला वरून सैल धरलं, खालून दाबलं आणि कौसल्येला म्हणाला, "पाह्य, वाढली!"

"टेप वाढला असन तुमचा," कौसल्या म्हणाली.

उर्वशी दहावी झाली आणि राळेगावच्या कॉलेजात तिला सायन्स मिळालं. गावात एसटी येत नाही, फाट्यावर येते. फाटा लांब, बस सकाळची आणि ती कोणासाठी थांबत नाही. सायकल घ्यावी लागली.

राळेगावला दुकानात गेलो तेव्हा मी धर्मपालच्या गळ्यातच होतो. उर्वशी आपल्या मनानं एका लहान चाकाच्या सायकलवर जाऊन बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. घंटी वाजवली, हसली.

"उतर," धर्मपाल म्हणाला. "ते लेकराईची हाये. दोन वर्षांत गुडघे हँडलले लागतीन. भाऊ, ते मोठी काढा."

दुकानदार म्हणाला, "मास्तर, पोरीले एकडाव बसवून त पाहा."

"पाहाचं काय त्यात? वाढते ना ते!"

"बाबा, मी नाई वाढत आता," उर्वशी म्हणाली.

"कोन म्हनते? कौसल्येची लेक हायेस तू."

मी गळ्यात लोंबत होतो. अख्ख्या दुकानात माप घ्यायचं एकच हत्यार होतं, ते म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही. जन्मभर लोकांची मापं घेणारा माणूस आपल्या लेकीसाठी मोठी, काळी, उंच सायकल घेऊन घरी आला.

त्या सायकलवर उर्वशीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. सीट पार खाली ठोकली तरी अंगठ्याचं टोक तेवढं लागायचं. पायडल खाली गेलं की तिला कंबर एकीकडे लचकवावी लागे, दुसरं गेलं की दुसरीकडे. फाट्यावरून परत आली की मांड्या सोललेल्या आणि पाठ धरलेली. हँडल इतकं लांब की ब्रेकला बोटं पुरायची नाहीत. चढायला ती चौकातल्या भुरीबाईच्या घराचा ओटा वापरी आणि उतरायला फाट्याजवळच्या पुलाचा कठडा. मधे कुठं थांबायचं झालं तर उडी मारायची.

चौकातल्या पोरांना तर खुराक मिळाला. "उर्वशी, शिडी आनू का वं?" भुरीबाई ओट्यावरून त्यांना हाकलायची आणि हाकलून झालं की स्वतःच हसायची.

धर्मपालनं उपाय केला. लाकडाचे दोन ठोकळे पायडलावर ट्यूबच्या रबरानं बांधले. "पाय वाढेपर्यंत चालते," म्हणाला. कौसल्या धुणं वाळू घालत होती. ती म्हणाली, "अजी, तुमी सायकल लेकीसाठी आनली का लेक सायकलीसाठी?" त्यानं ऐकलं नाही. तो मला गळ्यात घालून दुसऱ्याच्या पोराचं माप घ्यायला गेला.

कापूस निघायच्या दिवसांत ते झालं. फाट्याच्या अलीकडे वळण आहे. समोरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर आला, दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर आलेला. रस्ता त्यानंच भरला. दुसरं कोणी असतं तर एक पाय टेकवून उभं राहिलं असतं. उर्वशीला टेकवायला पायच नव्हता. ठोकळा घसरला, ती सायकलसकट काळ्या मातीत. गुडघा फुटला, समोरच्या दाताचा टवका उडाला, बस गेली आणि त्या दिवशी परीक्षा होती ती बुडाली.

घरात बैठक बसली. धर्मपाल म्हणाला, "पुरं झालं. बोरी अरब गावी मावशीकडे राह्य. तिथंच आर्टले नाव घालू."

"मावशीकडे चार लेकरं हायेत बाबा. मी तिथं शिकाले जाऊन राह्यली का पाळणा हालवाले?"

"मंग घरी बस. हातपाय मोडून घेन्यापरीस बरं."

उर्वशी रडली नाही. तोंड सुजलं होतं, रडायला दुखत असेल. लंगडत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात भुरीबाई नातवाला घेऊन आली होती. "मास्तर, वाढत्या मापाचा शिवजो," तिचं सुरू होतं. तेवढ्यात उर्वशी ती सायकल ढकलत दारात आली. स्टँडवर लावली. बापाच्या गळ्यातून मला ओढलं आणि त्याच्याच हातात दिलं.

"बाबा, माही पँट मोजा."

"तू कवा पँट घालतं वं?"

"मोजा त. आतली बाजू. जांघेपासून टाचेपर्यंत."

गिऱ्हाईक समोर होतं, नाही म्हणता येईना. त्यानं मोजलं. उर्वशी म्हणाली, "आता सीट मोजा. जमिनीपासून."

त्यानं तेही मोजलं. आकडा बघितला. मला पुन्हा खाली धरलं, पुन्हा वर ओढलं. मला हवं तसं सैल सोडायची, ताणायची सवय त्याच्या हाताला लागली होती.

"ताणू नका बाबा. त्याले सरळ धरा."

त्यानं सरळ धरलं. खूप वर्षांनी उर्वशीसाठी मी सरळ धरला गेलो. लेकीचा पाय आणि सीट यांच्यात हाताच्या पंजाएवढं अंतर होतं. तेवढा फरक एखाद्या पँटीत पडला असता तर गिऱ्हाईकानं ती त्याच्या तोंडावर फेकली असती. त्याला ते सांगायची गरज नव्हती.

भुरीबाई नातवाकडे बघत म्हणाली, "मास्तर, याचंही आजचंच माप घ्या बापा."

पुन्हा राळेगाव. मोठी सायकल बदल्यात दिली. या वेळी धर्मपालनं मला गळ्यात नाही, हातात धरलं. दुकानातली एकेक सायकल मोजली. जमिनीपासून सीट, सीटपासून हँडल, मग उर्वशीचा हात खांद्यापासून बोटापर्यंत. दुकानदार वैतागला. "मास्तर, सायकल घेऊन राह्यले का तिचं झंपर शिवून राह्यले?"

"झंपरच समज," धर्मपाल म्हणाला.

शेवटी तीच निघाली, पहिल्या दिवशीची लहान चाकाची. कोणी घेतली नव्हती, धूळ खात होती. सीट जरा वर काढली, हँडल वर घेऊन जरा जवळ फिरवलं. उर्वशी बसली. पायडल मारताना गुडघे हँडलला लागले नाहीत, कंबर हलली नाही, ब्रेकवर चारही बोटं बसली. दांडीवर अस्वलाचं चित्र होतं. दुकानदार म्हणाला, "तिसरीतल्या पोराची हाये बरं. पोट्टे हासतीन."

"पडली तवाही हासलेच ना," उर्वशी म्हणाली.

घरी आल्यावर धर्मपाल मशीनवर बसला. उर्वशीच्या कॉलेजच्या कुर्त्याची खालची दुमड त्यानं उसवली. तीन बोटं कापड, ती वाढेल म्हणून ठेवलेलं. ते कैचीनं कापून काढलं, कड नीट शिवली आणि कापलेल्या कापडाचं सीटला कव्हर केलं. मी मशीनवर पडून बघत होतो.

सकाळी उर्वशी निघाली तेव्हा कॅरिअरला पुस्तकं बांधायला दोरी सापडेना. ती दुकानात आली.

"बाबा, हा टेप मले द्या."

"अन् मी माप कायनं घेऊ?"

"नवा घ्या. हा तुमी ताणून ताणून लंबा केला. अन् माही उंची मोजाचं आता तुमाले काम नाई."

त्यानं मला गळ्यातून काढलं. क्षणभर हातात धरलं, छप्पन्नवर अंगठा फिरवला. तिथला आकडा कधीच पुसला आहे. मग स्वतःच बाहेर येऊन पुस्तकांना मला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

"जा. नाई त बस जाईन."

तेव्हापासून मी कॅरिअरवर आहे. ऊन लागतं, रंग सोलतो, एका टोकाचं पितळ पडलं. दिवसभर फाट्यावर चहाच्या टपरीमागे उभं राहावं लागतं, तिथं एक बकरी मला चघळायला बघते. पोरं अस्वलावरून ओरडतात. उर्वशी घंटी वाजवते आणि पुढं जाते.

पहिल्याच आठवड्यात त्याच वळणावर कापसाचा ट्रॅक्टर समोर आला, तसाच फुगलेला. मी गाठ आवळून धरली. जुन्या माणसाला भीती जास्त. उर्वशीनं ब्रेक दाबला आणि डावा पाय खाली सोडला. टेकला, पूर्ण, टाचेसकट. ट्रॅक्टर गेला. तिनं ओढणीवरचा कापूस झटकला आणि पायडल मारलं. बस मिळाली.

मी अडाणी आहे, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच सांगतो. लेकराला सायकल घ्याल तेव्हा आधी त्याला वर बसवा आणि पाय बघा. मोठेपणी पोचेल तो पाय आज वळणावर कामाला येत नाही. आणि टेप घरात असेल तर सरळ धरा. ताणलेला टेप शेवटी पुस्तकं बांधायच्याच लायकीचा उरतो. माझं बरं चाललं आहे म्हणा. फक्त त्या बकरीला कोणीतरी आवरा.