कोऱ्या बाटलीच्या पोटात काय सापडलं

मी कोरी बाटली बोलतेय. काचेची, बोटभर उंचीची.

प्लास्टिक मऊ व्हावं म्हणून त्यात रसायनं घालतात. ती खाण्यात, औषधात उतरतात का, हे आमच्या प्रयोगशाळेत बघतात. माझ्या बहिणींच्या पोटात काय काय जातं: दूध, तेल, सलाइनच्या नळीचं धुवण. माझ्या पोटात नुसता शुद्ध द्रव. पोटात रसायन असलं की यंत्राच्या रेघेवर डोंगर उठतो. माझी रेघ सपाट निघाली, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. आहे ना गंमत? काही नसल्याचा मान मिळतो मला!

धुणारी मावशी आम्हाला घासते, भट्टीत तापवते आणि तोंडाला चंदेरी फॉइल बांधते. लेकीबाळींची वेणी घालावी तशी.

एकदा इस्पितळातून नवजात बाळांना दूध पाजायच्या नव्या नळ्यांची खोकी तपासायला आली. तिथल्या सिस्टरचा सकाळपासून फोनवर फोन. "जुन्या संपत आल्यात हो! संध्याकाळी बाळांना पाजू कशी?"

यंत्र चाललं. नळ्यांच्या रेघेवर हा मोठा डोंगर! साहेबांनी कपाळाला हात लावला. "खोकी कंपनीला परत पाठवा."

"थांबा साहेब," तपासणाऱ्या बाई ओरडल्या, "कोरीच्या रेघेवरही तस्साच डोंगर आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, नीट धुतल्या नाहीत ना?" साहेब कडाडले.

"धुतल्या, भाजल्या, सगळं केलं," मावशी फणकारली. "फॉइल संपलं होतं. विचारलं तर म्हणालात, काहीही झाका, डोकं खाऊ नका. मग काय, माझ्या डब्याची मऊ पिशवी कापली आणि सगळ्यांना टोप्या घातल्या. पिशवी धुऊन घेतली होती हो!"

बाईंना हसू आवरेना. "प्लास्टिक शोधायला बसलो, अन् प्लास्टिकच्याच टोप्या!"

साहेब ओशाळले. "चूक माझीच," म्हणत स्वतः धावत जाऊन फॉइल घेऊन आले. आम्ही पुन्हा घासल्या गेलो, पुन्हा भाजल्या गेलो.

माझी रेघ निघाली. सपाट. मग नळ्यांची. तीही सपाट!

खोकी इस्पितळाकडे निघाली. तासाभरात सिस्टरचा फोन आला, "पोचल्या बरं का!" मागे बाळ टाहो फोडतंय.

मावशी फोनवर खेकसली, "अगं, आधी त्याला पाज, मग बोल!"

आता माझ्या काठाचा टवका उडालाय. मला टाकून देतील. देऊ देत बापडे. तुम्ही मात्र रिकामी बाटली बघून नाक मुरडू नका. तिच्या रिकामेपणावर कुणाचं तरी पोट भरत असेल. बरं, येते मी.